‘वाहक’ म्हणजे नेमका कोण? (सिकलसेलच्या कार्डावरचा शब्द)

तापीकाठ:
मंडळी, एक शब्द बरेच दिवस टोचतोय. आपल्या नंदुरबार-शिरपूर पट्ट्यात सिकलसेलची (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, तो आनुवंशिक आजार) तपासणी चालते, रिपोर्ट एएस आला, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेलं असलं, की ‘वाहक’ म्हणतात. एका शिबिरात फॉर्म भरायला बसलो होतो, तर एक मावशी विचारतात, “मना पोऱ्याले रोग लागी गया का?” मी नाही म्हटलं तर म्हणे मग वाहक कसा, वाहक तर डास असतो, शाळेच्या भिंतीवर लिहिलंय. मला उत्तरच सुचलं नाही. एसटीतला वाहक तर अजून तिसराच. दुसरा चांगला शब्द आहे का?

गिरणाकाठ:
भो, मूळ धातू ‘वह्’, नेणे. वाहन, भारवाहक सगळे त्याच घरातले. म्हणजे शब्दात ‘पसरवणारा’ असं काही नाही, ते मलेरियाच्या पाट्यांमुळे चिकटलं. एएसवाल्याच्या शेजारी बसून, एका ताटात जेवून कोणाला काही होत नाही, ते फक्त आईबापाकडून लेकराकडे जातं. उलट एएस माणसाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकलं! तेव्हा डासाला आणि त्याला एकच शब्द लावणं चुकीचंच. मी ‘धारक’ म्हणेन, शिधापत्रिकाधारक असतो तसा, नुसता बाळगणारा.

सातपुडा पायथा:
मी आशा कार्यकर्ती आहे, धडगावकडे काम करते. धारक चालेल, पण खरी गडबड पुढच्या वाक्यात होते. नवरा-बायको दोघं एएस असले की ‘चारापैकी एक मूल एसएस’ (दोघांकडून जनुक आलेलं, म्हणजे आजारी) असं सांगतात, आणि लोकांना वाटतं पहिलं एसएस झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली. असं समजून राहिलेली घरं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. म्हणून मी आता ‘दर खेपेला चार आणे’ म्हणते. दर खेपेला चार आणे एसएस, आठ आणे एएस, चार आणे एकदम चांगलं, आणि पुढच्या खेपेला हिशोब परत पहिल्यापासून. बाईला खेप शब्द कळतो, म्हाताऱ्यांना आणे कळतात, टक्के नाही कळत. अजून एक, ‘लागण’ शब्द तर ह्यात अजिबात वापरू नका, त्यानं पोरीचं जमलेलं लग्न मोडतं.

तापीकाठ:
ताई, ‘दर खेपेला’ हे पोस्टरवर घेतोच. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरलं. तिकडे २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत जनुक दुरुस्त करायच्या उपचाराला मंजुरी पण मिळाली, पण तो इतका महाग की मोलगीच्या माणसाला त्याचा काय उपयोग. आपल्याकडे सिकलसेलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी आजारी माणसाच्या रोज पोटात गेली आणि लग्नाआधी दोघांनी रक्त तपासलं तरी पुष्कळ दुखणं टळेल, आणि ते सगळं कार्डावरचा शब्द कळण्यावर अडलंय.

गिरणाकाठ:
मग कार्डावर ‘एएस – धारक (आजारी नाही)’ एवढं लिहा, कंस गाळू नका.

सातपुडा पायथा:
आणि पावरी, भिलोरी बोलीत काय लिहायचं ते त्या घरातल्या लोकांनीच सांगा. इथे कोणी पावरा दादा-ताई आहेत का?