जपानी मात्सुरीला (उत्सवाला) घरच्यांना घेऊन गेलात का? अनुभव सांगा

क्योतोच्या गिओन मात्सुरीला सासूसासऱ्यांना आणि मुलांना घेऊन गेलो होतो, अजून डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा. इ.स. ८६९ मध्ये साथ आली तेव्हा सुरू झालेला उत्सव, आणि १७ जुलैची मिरवणूक तर बघावीच अशी. सगळ्यात पुढच्या रथावर नटवलेला छोटा मुलगा असतो, चिगो, तो तलवारीने दोर कापतो मग मिरवणूक पुढे सरकते. पण खरी मजा चौकात! रथाची चाकं वळतच नाहीत, मग चाकांखाली बांबूच्या पट्ट्या अंथरतात, पाणी मारतात आणि सगळे मिळून दोर ओढून १२ टनांपर्यंतचा तो अख्खा डोलारा आडवा सरकवतात. एका ओढीत होत नाही, दोन-तीनदा ओढावं लागतं. सासरे आमचे "अरे ओढा ओढा" करत उभेच राहिले, शेजारचे जपानी आजोबा पण हसून टाळ्या वाजवायला लागले. ऊन भयंकर असतं हां, ज्येष्ठांसाठी तिकीट काढून खुर्च्या घ्याच.

—

ताई, मस्त धागा. आम्ही तोक्योत एदोगावाला राहतो, इथे आपली माणसं बरीच. मोठ्या मात्सुरीपेक्षा मला गल्लीतलं बोन ओदोरी, म्हणजे उन्हाळ्यातला समूहनाच, जास्त आवडतं, मधे मचाण, वर ताइको (मोठा ढोल) वाजतोय आणि खाली गोल करून सगळे नाचतायत, कोणी विचारत नाही तुम्ही कोण. आई पहिल्यांदा लाजली, मग पुढच्या बाईचे हात बघून बघून तासभर नाचली. शाकाहारी लोकांनी खायचं जपून, ताकोयाकीत ऑक्टोपस आणि वर माशाचा कीस, याकिसोबात (परतलेल्या नूडल्समध्ये) बहुतेक डुकराचं मांस. भाजलेलं कणीस, लोणी घातलेला बटाटा आणि काकिगोरी म्हणजे बर्फाचा गोळा, यावर आमची संध्याकाळ छान जाते. लेकीला कागदाच्या जाळीने गोल्डफिश पकडायचं वेड आहे, जाळी लगेच फाटते तरी परत रांगेत.

—

आमचं वॉशिंग्टन डीसी. एप्रिलमध्ये साकुरा (चेरीच्या फुलांची) मात्सुरी असते, तिकीट लागतं, पण मुलांना ताइको जवळून ऐकायला मिळतो, छातीत धडधडतं अक्षरशः. नंतर टायडल बेसिनला, चेरीच्या झाडांच्या तळ्याकाठी गेलो. बाबा कृषी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना मी सांगितलं की १९१० साली जपानहून आलेली पहिली चेरीची झाडं कीड निघाली म्हणून जाळावी लागली आणि तरी तोक्योने १९१२ मध्ये पुन्हा ३००० च्या वर पाठवली. मग ते फुलं सोडून प्रत्येक खोड निरखत चालले, आम्ही मागे मागे!

—

उत्तर जपानमधल्या आओमोरीचा नेबुता उत्सव राहिला की! २ ते ७ ऑगस्ट. हानेतोचा (मिरवणुकीत नाचणाऱ्यांचा) पोशाख भाड्याने मिळतो, तो घातला की बाहेरचा माणूस पण मिरवणुकीत नाचू शकतो. मी, नवरा, दोन्ही मुलं "रास्सेरा रास्सेरा" ओरडत उड्या मारत होतो, घसा पार बसला. लहान मुलं असतील तर मिरवणुकीच्या कडेकडेने नाचा, मधे फार रेटारेटी होते. तोकुशिमाच्या आवा ओदोरी या नाचाच्या उत्सवाला कोणी गेलंय का मुलांना घेऊन? पुढच्या ऑगस्टला जायचा विचार आहे, राहायचं कुठे ते सांगा.