बांधावरच्या कडुनिंबात सुभगाचं घरटं, फांद्या कधी उतरवाव्यात?

बांधकरी (उत्तर सोलापूर):
रब्बी ज्वारीवर सावली पडते म्हणून बांधावरच्या कडुनिंबाच्या फांद्या ऑगस्टमध्येच उतरवायच्या आहेत. आठ फुटांवर बेचक्यात पांढुरकी छोटी वाटी दिसली, पिवळं पाखरू ये-जा करतं. शिंपी, चष्मेवाला की सुभग? किती दिवस थांबू?

रानवाट:
पंखावर दोन पांढरे पट्टे असतील तर सुभगच. चष्मेवाल्याला पट्टे नसतात, डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. शिंपी पानं शिवून त्यात घरटं लपवतो. सुभगाची वाटी उघडी, बारीक गवताची, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली. म्हणून लांबून फांदीवरची गाठच वाटते.

अंडी दोन ते चार, उबवण साधारण 14 दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. अंडी आजची धरली तरी महिना सोडा. उडाल्यावरही काही दिवस आई-बाप पिल्लांना आसपासच्याच झाडांत भरवतात.

काळी_माती:
ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणार, मग ऑगस्टची घाई कशाला? रोप लहान असताना फांद्या उतरवल्या तरी चालतं. अगदीच अडलं तर घरट्यापासून चारही बाजूंनी दोन-तीन मीटर सोडून पिकाकडच्या फांद्या घ्या. हमखास चूक होते ती इथे: घरट्याची फांदी राखतात आणि तिच्यावरचा पाला काढतात. मग वाटीवर थेट ऊन येतं, कावळ्यालाही ती वरून दिसते.

जाड फांदी आधी खालून तिसरा हिस्सा कापा, मग थोडं पुढे सरकून वरून. नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलते.

फवारणीचंही बघा. वारा बांधाकडे असेल त्या दिवशी पंप उचलू नका. अळ्या जातात हे कळतं, पण कोळीही मरतात. मग घरटं बांधायला जाळंच उरत नाही.

बांधकरी:
आत अंडी आहेत की पिल्लं, कसं ओळखू? शिडी लावू का?

रानवाट:
शिडी नको, फांदी वाकवूही नका दादा. दहा मीटरवर बसून सकाळी पंधरा-वीस मिनिटं बघा. पाखरू वाटीत गप्प बसून राहिलं, नर-मादी पाळी बदलताना दिसले, तर बहुतेक अंडी आहेत. चोचीत अळी घेऊन सारखी ये-जा चालली असेल तर पिल्लं. काळपट पाठीचा नर, हिरवट पाठीची मादी.

आणखी झाडं लावायची असतील तर बांधावर कडुनिंब, बाभूळ, बोर लावा. नान्नजकडच्या उघड्या गवताळ माळावर मात्र झाडं नकोत. तो माळढोकाचा माळ आहे, त्याला मोकळं गवतच लागतं.