फूटपाथच्या तोंडाशी खांब: दुचाकी अडवायची की खुर्ची?

उंबरठा

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन पावणेदोन वर्षं झाली. डावी बाजू अजून सावरलेली नाही. घरात काठी धरून चालतात, बाहेर जायचं तर व्हीलचेअर. पुण्यातल्या आमच्या उपनगराचा मुख्य रस्ता गेल्या उन्हाळ्यात नव्याने केला. उखडलेली फरशी गेली, फूटपाथ रुंद झाला, झाडांना आळी केली, बाकं आली. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद झाला तेव्हापासून वाटत होतं की असं आपल्याकडेही व्हावं. काम चालू असताना बाबा गॅलरीत बसून बघायचे. मी ऑफिसमधून आले की "आज अमुक दुकानापर्यंत आलं" असं सांगायचे.

काम संपलं त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन निघाले. कोपऱ्यावरचा उतार छान, फार जोर न लावता खुर्ची वर गेली. आणि वर पोचताच समोर स्टीलचे तीन खांब. खुर्ची तिरकी केली, उलटी केली. बाबांचा उजवा हात सवयीने चाकावर होता, तो खांबाला घासून बोटाचं सालपट निघालं. "राहू दे गं, घरी जाऊ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिवणाची टेप घेऊन गेले. दोन खांबांतलं अंतर ६२ सेमी. बाबांची खुर्ची ६६ सेमी. मी टेप गुंडाळत असतानाच पन्नास पावलांवरच्या एका दुकानाच्या गाडीवाटेने स्कूटर वर चढली आणि माझ्या अंगावरून पुढे गेली. म्हणजे ज्याला अडवायचं तो अडला नाहीच.

माझं म्हणणं एवढंच की हे खांब काढा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. नव्या कोऱ्या रस्त्यावर चार सेंटिमीटरसाठी माणूस का अडावा?

निवृत्त ओव्हरसियर

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरीही खांब काढू नका असंच मी म्हणेन. एकतीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली आहेत.

हिशोब सांगतो. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेमी रुंद. खुर्ची ६६ ची असली तरी हात चाकावर धरून जायचं तर ८० लागतात, नीट जायचं तर ९०. आता ९० मधून खुर्ची जाते तिथून स्कूटर वेग कमी न करता जाते. खुर्चीला वाट आणि स्कूटरला मज्जाव, असं अंतर नुसत्या खांबांनी निघत नाही. आम्ही एका रस्त्यावर एक उतार मुद्दाम मोकळा सोडला होता, तुमच्या वडिलांसारख्यांचाच विचार करून. आठवड्याभरात संध्याकाळी सहा ते आठ तिथून दुचाक्यांची रांग जायला लागली. महिन्याभरात एक वयस्कर बाई खाली पडल्या, खुबा मोडला. त्या वयात खुबा मोडला म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर तिथे खांब बसवले, आणि ते बसवून घेणारा मीच होतो.

फूटपाथवरून चालणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना दुचाकीपासून वाचवायचं आहे. त्यांचाही जीव आहे.

पांढरी काठी

मला अजिबात दिसत नाही, तर माझंही ऐका.

फूटपाथवर दुचाकी आली की मी जागच्या जागी थिजतो. हॉर्न मागून येतो, पण कोणत्या बाजूला सरकायचं ते कळत नाही. म्हणून ओव्हरसियरसाहेबांचं म्हणणं मला पटतं. पण हेच गुडघाभर उंचीचे खांब माझ्या दोन्ही नडग्यांवर खुणा ठेवून गेले आहेत. काठी दोन खांबांच्या मधून पुढे जाते आणि पाय खांबावर.

त्यापेक्षा मोठं दुःख पिवळ्या फरश्यांचं. ही फरशी जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली. भाषा अगदी साधी आहे: लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या भागात रेघा सरळ विजेच्या डीपीपाशी नेऊन सोडतात. एका ठिकाणी झाकण बदलताना फरशी काढली आणि परत लावताना आडवी लावली, म्हणजे रेघा मला रस्त्यात उतरायला सांगतात. ज्याने लावली त्याला त्या रेघा वाचता येत नव्हत्या. त्याच्या लेखी ते पिवळं डिझाइन होतं.

खांब ठेवा की काढा, त्याआधी आमच्यापैकी एकाला त्या फूटपाथवरून चालवून बघा. काम चालू असताना, बिल निघायच्या आधी.

स्पष्टवक्ता

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो. आमच्या रस्त्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, व्हीलचेअर वर्षातून एकदाही दिसत नाही. करोडो रुपये किती लोकांसाठी खर्च करायचे? फूटपाथ अडवलाय तो भाजीवाल्यांनी, वडापावच्या गाड्यांनी. आधी ते हटवा. जागा मोकळी झाली की चालणारा चालेल, खुर्चीवालाही जाईल. आणि ती बाकं तर काढूनच टाका, दुपारी त्यांवर लोक झोपलेले असतात.

उंबरठा

@स्पष्टवक्ता, तुम्हाला व्हीलचेअर दिसत नाही कारण ती पहिल्या खांबापाशी वळून घरी जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले आहेत. ते कुठेतरी राहतात ना? माझे बाबा पहिल्या मजल्यावर राहतात आणि तुम्हाला ते कधीच दिसणार नाहीत. आणि गुडघे दुखणारे, बाबागाडी ढकलणारे, सिलेंडरची ट्रॉली ओढणारा पोऱ्या, पोटुशी बाई, हे सगळे त्याच उतारावरून जातात.

@ओव्हरसियर काका, तुमचा हिशोब मला पटला, हे मान्य करते. रात्री परत बसून मांडून बघितला, अंतर खरंच निघत नाही. पण मग उत्तर "बाबांनी घरी बसावं" हे कसं?

हातगाडी

माझी आई तेवीस वर्षं फूटपाथवर पालेभाजी विकते. "हटवा" म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहराने फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करायचं, जागा ठरवायच्या, आणि त्या ठरवणाऱ्या समितीत निदान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. आईकडे प्रमाणपत्र आहे. जागा आखून मिळालेली नाही. रस्ता नवा करताना नकाशात झाड दाखवलं, बाक दाखवलं, आई दाखवली नाही. मग ती बसते तिथे जिथे जागा उरली, आणि तिथे ती चालणाऱ्याला अडथळा ठरते. पहिल्यापासून चार फूट आखून दिले असते तर पांढरी काठीवाल्या दादांची वाटही मोकळी राहिली असती आणि आईची पाटीही.

अजून एक. आई सकाळी सातला घर सोडते, रात्री साडेआठला येते. दुपारनंतर पाणी पीत नाही. कारण जवळचं स्वच्छतागृह संध्याकाळी कुलूपबंद, आणि त्यापुढचं पाऊण किलोमीटरवर, तिथे बायकांकडून पैसे घेतात. मुंबईत बायकांनी २०११ मध्ये याच प्रश्नावर 'राइट टू पी' मोहीम उभी केली, त्याला किती वर्षं झाली बघा. आईला दोनदा मूतखडा झाला. फूटपाथ कितीही देखणा करा, तिथे दिवस काढणाऱ्या बाईला जायला जागा नसेल तर तो तिच्यासाठी नाही.

रातराणी

@हातगाडी, तुमच्या आईला नमस्कार सांगा. माझी दुसरी पाळी सुटते रात्री दहाला. स्टॉपपासून घरापर्यंत दोन रस्ते आहेत. एक नवा, दिवे आहेत, गाड्या हटवलेल्या, दोन्ही बाजूंना सोसायट्यांच्या उंच भिंती. दुसरा जुना, फूटपाथ मोडका, पण तिथे अंडाभुर्जीची गाडी, पानाची टपरी, इस्त्रीवाले काका. मी रोज मोडक्या रस्त्याने जाते. काकांना माझी वेळ माहीत आहे. एकदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल कुठे होतीस?"

बागांचंही बोला कोणीतरी. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी बारा ते चार मोकळ्या असतात, घर दोन बस बदलून लांब. समोर बाग आहे, वडाची सावली आहे, आणि दुपारी गेटला कुलूप. त्या जिन्यात बसून डबा खातात. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाग म्हातारेकोताऱ्यांची आणि पोरांची, आपली कशाला?"

स्पष्टवक्ता

बाग दुपारी उघडी ठेवली तर काय होतं ते आम्ही बघितलंय. दारुडे, चाळे, तोडफोड. संध्याकाळी मुलं खेळायला जातात तिथे बाटल्या सापडायच्या. कुलूप लावलं तेव्हा थांबलं. हा आमचा अनुभव आहे, कोणाचा द्वेष नाही. दारू पिणाऱ्याला आत घेऊन मुलांना घरी बसवायचं का?

रातराणी

बाटल्यांचा त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण दादरचं शिवाजी पार्क बघा. १९२५ पासून लोकांसाठी खुलं मैदान. भोवती बसण्याजोगा बुटका कट्टा, कुलूप लावायला गेट कुठे? मी मुंबईत होते तेव्हा रात्री अकरालाही त्या कट्ट्यावर बसले आहे, कारण शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असायचं: आजी, कॉलेजची पोरं, कुत्र्याला घेऊन आलेले गृहस्थ. त्याच कट्ट्याच्या जागी आठ फुटी जाळी असती तर मी तिथे सातनंतर थांबले नसते. दुपारी बाग बंद ठेवून मावशींना बाहेर काढलं, आता तिथे बघणारं कोण उरलं?

उंबरठा

कट्ट्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. बाबांना कट्ट्यावर बसवता येतं, उठवता येत नाही. पाठ नाही, धरायला काही नाही. आणि आमच्या नव्या बाकांवर मध्ये जे लोखंडी दांडे लावलेत, लोकांनी आडवं होऊ नये म्हणून, ते मला पहिल्यांदा दुष्टपणाचे वाटले होते. नंतर बघितलं तर बाबा तोच दांडा धरून उठतात. आता काय म्हणावं? उन्हातून आलेल्या हमालाला तासभर पाठ टेकू द्यावी असंही वाटतं आणि बाबांना दांडाही हवा. मधला काढून दोन्ही टोकांना लावला तर दोघांचं जमेल, असं मला वाटतं.

निवृत्त ओव्हरसियर

दांडे टोकांना लावणं सोपं काम आहे, वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं.

खांबांचं परत सांगतो, कारण ताईंनी प्रश्न सरळ विचारला आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. "वडिलांनी घरी बसावं" हे उत्तर नाही. दुसरी एक पद्धत आहे. गल्लीच्या तोंडाशी आपण फूटपाथ खाली उतरवतो, माणूस उतरतो, पुन्हा चढतो. त्याऐवजी फूटपाथ त्याच उंचीवर गल्ली ओलांडून पलीकडे न्यायचा, आणि गल्लीत शिरणाऱ्या गाडीने चढायचं-उतरायचं. खुर्ची सपाट जाते, गाडीचा वेग आपोआप कमी होतो. फूटपाथची कडही १५ सेमीच्या वर जायला नको. आपल्याकडे जुन्या कामांत फूटभर केलेली आहे, त्यावर म्हातारं माणूस चढत नाही म्हणून रस्त्यावरून चालतं.

पण याने फूटपाथवर येणारी दुचाकी थांबत नाही, मंदावते. तिला थांबवायला माणूस लागतो, पावती फाडणारा. आणि हे केलं की पावसाचं पाणी गल्लीत अडतं. मध्ये आडवी जाळी आणि चेंबर घ्यावा लागतो, तो दर वर्षी मे महिन्यात साफ करावा लागतो. तो साफ होत नाही म्हणून आम्ही पुढच्या कामांत उंचवटे टाळले. डिझाइन चुकलं नव्हतं, त्याची निगा राखायला कोणाची नेमणूक नव्हती.

पांढरी काठी

साहेब, फूटपाथ सपाटच पुढे गेला तर गल्ली कुठे सुरू झाली ते मला कळणार कसं? कड पायाला लागते तेव्हाच मला रस्ता आला हे कळतं. तिथे ठिपक्यांची फरशी पूर्ण रुंदीभर हवी, आणि ती दरवेळी खणल्यावर परत तशीच लागायला हवी.

निवृत्त ओव्हरसियर

बरोबर आहे तुमचं. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

उंबरठा

काका, आमच्या कोपऱ्यावरच्या गल्लीत जाळी आहे, पण ती रस्त्याच्या पातळीपेक्षा वर दिसते. आज पाइप फुटला होता तर पाणी तिच्या बाजूने वाहून गेलं, आत गेलं नाही. फोटो टाकते. गल्लीची रुंदी टेपने मोजली, ५ मीटर ४० सेमी. तीन खांबांतला मधला काढून उंचवटा करावा, असा अर्ज मी लिहायला घेतलाय. हातगाडी, तुमच्या आईसारख्यांच्या चार फुटांचाही मुद्दा त्यात घालते, मजकूर तुम्ही तपासून द्या.

निवृत्त ओव्हरसियर

फोटो बघितला. जाळी वर राहिली आहे, दोन इंच तरी. रविवारी सकाळी लेव्हल ट्यूब घेऊन येतो, काठीवाले येत असतील तर त्यांनाही बोलवा. मधला खांब काढायला माझी हरकत नाही असं मात्र मी अजून म्हटलेलं नाही. आधी पाणी कुठे जातं ते बघू.