मिडी पाठवली म्हणजे गाणं पाठवलं असं होत नाही

पेठेतला रेकॉर्डिस्ट
काल इथे एकाने लिहिलं : "एका गाण्याच्या तीस-तीस वेव्ह फाइली पाठवणं हा अडाणीपणा. मिडी पाठवा, काही केबीत काम होतं. पुढचं समोरच्याला जमायला हवं." वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

अकरा वर्षं सदाशिव पेठेत मिक्सिंग करतोय. वेव्हमध्ये मुद्रित केलेला आवाजच असतो, मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली, कधी, किती जोरात (० ते १२७) आणि कधी सोडली, एवढ्या सूचना असतात. त्या कुठल्या वाद्याने वाजवायच्या, हे माझ्या मशीनवर काय आहे त्यावर ठरतं. मागच्या वर्षी एका भावगीताची मिडी आली. अरेंजरने त्याच्या बासरीच्या प्लगिनवर (संगणकातल्या वाद्यावर) पिच बेंडची, म्हणजे सूर जास्तीत जास्त किती सरकेल त्याची, रेंज १२ सेमीटोन ठेवली होती (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन), माझ्याकडे ती नेहमीच्या २ वर उघडली. सा ते प ही मींड कोमल रे ओलांडते न ओलांडते तोच संपायची. गायिका शेजारी बसलेली, तिला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं.

तबल्याची तर गोष्टच नको. जनरल मिडी या ठरलेल्या यादीच्या १२८ आवाजांत सतार आहे, शहनाई आहे, पण तबला कुठेच नाही. आवाजांच्या प्रत्येक लायब्ररीत 'धा' वेगळ्या पट्टीवर. दादरा म्हणून आलेली फाइल उघडली तर किक आणि काउबेल वाजायला लागले.

वेव्ह पाठवा. सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून, भले तो ट्रॅक शेवटच्या कडव्यात का वाजेना. २४ बिट, प्रोजेक्टचाच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), मास्टरवरचा, म्हणजे एकत्र आवाजावरचा, आवाज दाबणारा लिमिटर काढून. यात अडाणीपणा कुठे आला?

कीबोर्ड, कर्वेनगर
तो 'एकजण' मी. अडाणी हा शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही.

वेव्ह म्हणजे निर्धोक, हे कुणी सांगितलं? एका स्टुडिओतून मला ४८ किलोहर्ट्झच्या फाइली आल्या, माझा प्रोजेक्ट ४४.१ चा. रूपांतर न होता त्या टाइमलाइनवर बसल्या. पाच मिनिटांचं गाणं जवळजवळ साडेपाच मिनिटांचं झालं आणि जवळपास दीड सेमीटोन उतरलं. सोबत एक चिठ्ठी नाही की रेट कुठला. आख्खा दिवस मी 'तानपुरा चुकीचा लावलाय' म्हणून गायकाशी भांडलो. नंतर त्याची माफी मागावी लागली.

आणि ऐन वेळी गायक म्हणाला, "अर्धी पट्टी खाली घ्या," तर तुमच्या वेव्हचं काय करायचं? मिडी असेल तर सगळं निवडून एक सेमीटोन उतरवला की झालं. तबल्याचा ऑडिओ ताणला तर 'ती' या बोलाची धार जाते. १९८३ साली दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका केबलने बोलले, तेव्हापासून ही भाषा टिकली आहे. फ्लॉपीवर ठेवलेल्या माझ्या मिडी आजही उघडतात. दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट उघडून दाखवा.

पेठेतला रेकॉर्डिस्ट
दहा वर्षांपूर्वीची वेव्ह आजही वाजते. प्रोजेक्ट उघडायची गरजच काय? सॅम्पल रेट न बघता फाइल आत घेतली ही चूक कुणाची? इंपोर्ट करताना रूपांतराचा पर्याय येतो, तो वाचायचा असतो.

पेटीवाला
दोघेही वरवरचं बोलताय. मूळ दुखणं मिडीने सप्तकाचे बारा तुकडे गृहीत धरले, हे आहे. भूपातला गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली असतो. संगीताचे अभ्यासक कृ. ब. देवल यांनी ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्ससाहेबांच्या जोडीने श्रुतींची, म्हणजे बारा सुरांहून बारीक स्वरभेदांची, पेटी घडवण्यासाठी आयुष्य वेचलं, आणि आपण पुन्हा बारा खुंट्यांना बांधून घेतलं.

कीबोर्ड, कर्वेनगर
हे चूक आहे. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. दोन सेमीटोनच्या रेंजमध्ये एक पायरी म्हणजे सेंटचा साधारण चाळिसावा भाग. तुमचा १४ सेंटचा गंधार त्यात सहज बसतो.

पेटीवाला
बसतो, पण एका वेळी एकच. बेंड आख्ख्या चॅनलला, म्हणजे त्या वाद्याच्या सगळ्या सुरांना, लागतो. गंधार उतरवला की सोबत धरलेला षड्जही उतरतो. एमपीई ही मिडीची वाढीव पद्धत वापरून प्रत्येक स्वराला वेगळा चॅनल द्या म्हणाल, मग ती फाइल एमपीई न कळणाऱ्या प्लगिनमध्ये उघडून बघा काय होतं.

तालीम हॉल
आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कारण हेच, बारा सूर. आता मिडीवरही बंदी आणायची का? धागा फाइलींचा आहे, श्रुतींचा नाही.

पेटीवाला
बंदीची भाषा मी केलेली नाही, माझ्या तोंडी घालू नका! वडिलांनी त्यांची पेटी कानाने लावून घेतली होती. ते गेल्यावर त्यांच्या आवाजातला एक आलाप मी एका अरेंजरला पाठवला, वेव्हच, शून्यापासून, सगळे नियम पाळून. त्याने पिच करेक्शन लावून सगळे गंधार बारा सुरांवर सरळ करून परत पाठवले. मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून वाचलो. मला सांगा, यात फाइलीचा प्रश्न कुठे संपतो आणि श्रुतींचा कुठे सुरू होतो?

तालीम हॉल
माफ करा. हे माहीत नव्हतं.

माझं दुखणं वेगळं आहे. एकांकिकांना संगीत देतो. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे संध्याकाळी माइक उघडता येत नाही. म्हणजे टेक एकदाच मिळतो. अशा वेळी कुणी आवाज एमपीथ्री करून पाठवतं. एमपीथ्री होताना सुरुवातीला हजारेक सॅम्पलची शांतता चिकटते, म्हणजे वीस-पंचवीस मिलिसेकंद. ऐकताना कळत नाही, पण तबल्याखाली ठेवलं की गाणारा लयीच्या मागे पडल्यासारखा वाटतो. आम्ही मुलीला चार वेळा गायला लावलं. ती बिचारी बरोबरच गात होती.

आणि रेकॉर्डिस्टसाहेब, क्लिकशिवाय (लयीच्या टिकटिकीशिवाय) वाजवलेल्या गाण्याचा टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती लय याची नोंद, वेव्हमध्ये कुठे असतो? तो मिडी फाइलमध्ये जातो. लय हळूहळू चढलेली असेल तर नुसत्या वेव्हवर मी नवीन घुंगरू कसे बसवू?

पेठेतला रेकॉर्डिस्ट
टेम्पो मॅपचं पटलं. वेव्हसोबत मिडी पाठवायला माझी हरकत नव्हतीच, 'वेव्ह नकोच' याला होती.

कीबोर्ड, कर्वेनगर
हरकत नव्हती हे आत्ता कळलं, वरच्या लेखात कुठे दिसलं नाही. पाच मिनिटांचा एक मोनो ट्रॅक २४ बिट ४८ ला ४३ एमबी होतो. असे तीस म्हणजे सव्वा जीबीच्या वर, आणि माझ्या इमारतीत नेट कसं आहे ते मलाच माहीत. तरी पुढच्या गाण्याला पाठवतो. बासरी आणि तबला वेव्हमध्ये, बाकी दोन्ही. पिच बेंडची रेंज लिहून देतो.

पेटीवाला
त्याच कागदावर षड्ज किती हर्ट्झचा तेही लिहा. 'काळी दोन' असं पट्टीचं नाव एवढंच नको.

कीबोर्ड, कर्वेनगर
लिहितो. तुमच्या वडिलांच्या आलापाला मी हात लावला नसता, एवढं खरं माना. पण मिडीत गंधार बसत नाही हे मला अजूनही मान्य नाही.

पेटीवाला
रविवारी पेटी घेऊन येतो. तुमचा कीबोर्ड लावून ठेवा.