अनुभव धागा: खेड्यातली विनाअनुदानित शाळा, वर्षभराचं काम कसं चालतं

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर वावरात पेरणीची घाई सुरू झालेली असते. सरकारी अनुदान नाही, पोषण आहाराचा तांदूळ नाही, इमारत पत्र्याची आणि पालक बहुतेक कास्तकार नाहीतर मजूर, अशा शाळा चालवणाऱ्यांनी आणि त्यात हात लावणाऱ्यांनी इथे लिहावं. कौतुक नको. काय केलं की चालतं, किती लागतं, कुठे बिघडतं आणि का, तेवढंच लिहा.

मुख्याध्यापिका, दर्यापूर तालुका

सुरुवात पालकसभेपासून, कारण बाकी सगळं तिच्यावर अडतं. शुल्क विनियमन अधिनियम 2011 प्रमाणे शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो. कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायची असते. हे 30 दिवस नेमके पेरणी, डवरणी आणि निंदणाचे. दिवसा सभा ठेवली तर गावातले दुकानदार आणि नोकरदार तेवढे येतात, चिठ्ठीत त्यांचीच नावं निघतात, आणि फी ठरवणारी समिती फी सहज भरू शकणाऱ्यांची होते.

म्हणून सभा रात्री साडेआठला, जेवणं आटोपल्यावर. आठवडी बाजाराचा दिवस टाळायचा. दोन-तीन गावांची मुलं असतील तर प्रत्येक गावात समाजमंदिरात वेगळी सभा घ्यायची आणि चिठ्ठ्यांच्या दिवशी तेवढं एकत्र बोलवायचं. बायांची उपस्थिती हवी असेल तर लेकरांना सांभाळायला दोन मोठ्या मुली आणि एक सतरंजी बाजूच्या खोलीत ठेवा. एवढ्यानेच फरक पडतो.

फीचे हप्ते शाळेच्या सोयीने जून, सप्टेंबर, जानेवारी असे ठेवले तर पहिला हप्ता बुडतोच. जूनमध्ये घरातला पैसा बियाण्याखतात गेलेला असतो. आपल्याकडे पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या आसपास, मग कापसाच्या पहिल्या-दुसऱ्या वेच्यानंतर, आणि तूर निघाल्यावर फेब्रुवारीत. हप्ते तिथे ठेवा. जूनमध्ये फक्त वह्या-पुस्तकांपुरते घ्या. शिक्षकांचे जून ते ऑक्टोबरचे पगार मात्र आधीच्या वर्षाच्या शिलकीतून काढावे लागतात. म्हणजे मार्चमध्ये पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बँकेत हवी. ती नसेल तर शाळा सप्टेंबरात उसनवारीवर जाते, आणि उसनवारीवर गेलेल्या शाळेतले शिक्षक दिवाळीनंतर परत येत नाहीत.

काही पालक तूर किंवा गहू देऊ म्हणतात. घ्या, पण त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावाने, काट्यावर मोजून आणि पावती फाडून. ओली तूर घेऊ नका. दाताखाली कटकन फुटली तर वाळलेली, चेपली तर परत.

शिक्षक, घाटंजी तालुका

हप्त्यांबद्दल सहमत. पण दिवाळीनंतरची खरी अडचण हजेरीची आहे. कापूस वेचणी सुरू झाली की सहावीच्या पुढची मुलं गळतात. सगळे म्हणतात पोट्टे मजुरीला जातात. काही जातात, पण बरीच मुलं, विशेषतः मुली, घरी लहान भावंडं सांभाळायला राहतात, कारण आई सकाळी वेचायला गेली की संध्याकाळीच परतते. भावंडांना शाळेत आणायची परवानगी दिली की यातल्या बऱ्याच मुली परत येतात. एक खोली, एक मावशी, दुपारी खिचडी, आणि पाळण्यासाठी छताला कडी. तीन वर्षांखालचं लेकरू घ्यायचं असेल तर मावशी दोन लागतात, एकीवर भागवू नका.

स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, आर्णी तालुका

पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांना मिळतो, आपल्याला नाही. पण प्रमाण त्यांचंच वापरावं, ते बरोबर आहे. पहिली ते पाचवीच्या लेकराला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. साठ लहान आणि चाळीस मोठे असतील तर 12 किलो तांदूळ, 2 किलो 400 ग्रॅम डाळ, 6 किलो भाजी, 600 ग्रॅम तेल. हजेरी दहा वाजता घेऊन मगच तांदूळ मोजायचा. कालच्या हजेरीवर शिजवलं की बाजाराच्या दिवशी गंजभर उरतं.

डाळ शिजत नाही ही खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातली, तक्रार असते. पाणी जड असतं, त्यातल्या चुन्यामुळे डाळ घट्टच राहते. रात्रभर भिजवून ठेवा आणि शिजवायला साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. मीठ डाळ फुटल्यावर. चिमूटभर सोडा टाकणारे टाकतात, पण रोज नको, चवही जाते आणि जीवनसत्त्वंही.

स्नेहसंमेलनाला रोडगे करा. जानेवारीत वांगी स्वस्त, गोवऱ्या कोरड्या आणि गाव मोकळं असतं. दोनशे माणसांना 30 किलो गव्हाचं रवाळ पीठ, 10 किलो तुरीची डाळ, 25 किलो वांगी, त्यात थोडे आलू, वरून भरपूर सांबार (कोथिंबीर). पिठात किलोमागे अर्धी वाटी तेलाचं मोहन, ओवा, मीठ. कणीक घट्ट मळायची. लहान गोळ्याला तेल लावून त्यावर पारी, परत तेल, परत पारी, असे तीन पदर. गोवऱ्या तासभर आधी पेटवायच्या. धूर आणि जाळ दोन्ही संपून लाल निखारा राहिला की मगच रोडगे ठेवायचे. सगळ्या बाजूंनी रंग आला की गरम राखेत अर्धा तास झाकायचे. घाईघाईत जाळावर टाकले की वरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. किलोला चार-पाच मोठ्या गोवऱ्या धरा आणि त्या घरटी दोन-तीन मागा. गोवऱ्या दिलेलं घर जेवायला येतंच, वर्गणी मागितलेलं घर येईलच असं नाही.

पाणी बघणारा पालक, मूर्तिजापूर तालुका

खारपाणपट्ट्यात बोअर मारू नका, पैसे जमिनीत जातात. छपराचं पाणी साठवा. हिशेब सोपा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 20 बाय 6 मीटरचं पत्र्याचं छप्पर म्हणजे 120 चौरस मीटर. वर्षाला 700 मिलिमीटर धरले तर 84,000 लिटर. वाफ, गळती, उडालेलं पाणी वजा जाता पाचवा हिस्सा सोडा, 67,000 उरतात. दीडशे मुलांना रोज दोन लिटर प्यायला, दोनशे दिवस, म्हणजे 60,000. भागतं, पण हात धुवायचं पाणी दुसरीकडून हवं.

टाकी जमिनीत बांधू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंतीला बाजूने रेटते. दोन पावसाळ्यांत तडा जातो आणि बाहेरचं खारं पाणी आत झिरपतं. जमिनीवर, मुरमाच्या भरावावर फेरोसिमेंटची (तारेची जाळी आणि सिमेंट) गोल टाकी बरी. पूर्ण 60,000 लिटरची एकदम बांधायची ऐपत नसेल तर 20,000 च्या तीन, दरवर्षी एक.

पहिला पाऊस टाकीत घेऊ नये, छपरावर माकडांची आणि पाखरांची घाण असते. त्यासाठी लोक उभा चार इंची पाइप लावतात. एक मीटर पाइपमध्ये जेमतेम आठ लिटर मावतं. 120 चौरस मीटरचं छप्पर धुवायला शंभरेक लिटर तरी लागतात, म्हणून 200 लिटरचा ड्रम लावा आणि त्याच्या तळाला तोटी. प्रत्येक पावसानंतर तोटी उघडून ड्रम रिकामा करण्याचं काम एकाच माणसाचं ठेवा. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, आणि ड्रम भरलेलाच राहिला तर पुढची घाण थेट टाकीत जाते.

ब्लीचिंग पावडर 1000 लिटरला अडीच ते पाच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, वरचं निवळलेलं पाणी टाकीत. अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी) करा, फिकट पिवळा रंग यायला हवा. उघड्या पोत्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. रंग आला नाही तर आधी पावडर बदला, प्रमाण वाढवू नका.

क्रीडाशिक्षक, आर्वी तालुका

काळ्या मातीचं मैदान जुलै ते सप्टेंबर चिखल आणि एप्रिलमध्ये घोटा अडकेल एवढ्या भेगा. 20 बाय 15 मीटरचा तुकडा तरी नीट करा, त्यात 13 बाय 10 चं कबड्डीचं मैदान मोकळ्या जागेसह बसतं, मुलींसाठी 12 बाय 8 आखता येतं. एक फूट माती काढायची आणि मुरूम टाकायचा. 300 चौरस मीटर गुणिले 30 सेंटिमीटर म्हणजे 90 घनमीटर. दबल्यावर मुरूम बसतो, म्हणून साधारण 40 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवा. परवानगी तहसीलातून काढून ठेवा, नाहीतर ट्रॅक्टर रस्त्यात अडतो.

एकदम एक फूट टाकून रोलर फिरवला तर वरचे चार बोटं दबतात, खाली पोकळ राहतं. दहा-दहा सेंटिमीटरचे तीन थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर. मधोमध थोडं उंच, कडेला उतार, चारी बाजूंनी चर. काढलेली माती फेकू नका, परसबागेला द्या.

विज्ञान शिक्षिका, सेलू तालुका (वर्धा)

हाताने काम करत शिकण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. गांधीजींच्या नई तालीमची परिषद वर्ध्यालाच झाली, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला, आणि सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेने चालते. जवळ असलेल्यांनी एकदा जाऊन बघावं.

कापूस हे आपलं सर्वांत स्वस्त शैक्षणिक साहित्य. पाचवीला एक किलो कापूस द्या, हाताने सरकी काढायला लावा. साधारण 330 ते 350 ग्रॅम रुई निघते, बाकी सरकी. टक्केवारी, गुणोत्तर आणि व्यापारी रुईचा उतारा का विचारतो, हे तिन्ही एकाच तासिकेत होतं. कापूस दवाचा ओला असेल तर वजन फसवं येतं. दोन दिवस उन्हात ठेवून परत मोजायला सांगा, तोही धडाच आहे. तराजू मात्र 10 ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा.

शिक्षक, घाटंजी तालुका

उन्हाळ्याचं राहिलं. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची करतातच, पण साडेदहानंतर पत्र्याखाली बसवत नाही. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावे, फेब्रुवारीच्या अखेरीस, डिंक किंवा फेव्हिकॉल घालून, नाहीतर पहिल्या अवकाळीत वाहून जातो. पत्र्याखाली तुराट्यांचे (तुरीच्या वाळल्या काड्यांचे) ताटवे बांधले की आणखी फरक पडतो. ताटवा आणि पत्रा यांत वीतभर अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे. ताटव्यात विंचू राहतात, पावसाळ्याआधी उतरवून झटकायचे. स्वयंपाकघरावर तुराटी नको, आग लागेल. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या तर कुठेच रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळीचे कोष त्यात टिकतात आणि शेजारचा कास्तकार बरोबरच चिडेल.

पालक-शिक्षक संघातली आई, दारव्हा तालुका

तान्हा पोळा (मुलांचा लाकडी बैलांचा पोळा) शाळेत घ्या, पण सजावटीची स्पर्धा लावू नका. ज्याच्या घरी सागवानी, पितळी शिंगांचा बैल आहे तोच जिंकतो. त्याऐवजी बैल शाळेतच बनवायचे: बाभळीची किंवा कडुनिंबाची फळी, शिंगांना बांबूच्या कमच्या, चाकांना लाकडी चकत्या. आस चाकातून सैल जायला हवा, घट्ट बसवला की बैल ओढताना फरफटतो. पोळ्याच्या आधीचे दोन शनिवार पुरतात.

भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. खाऊ ओळखायच्या खेळात मुलगेही बसवा, आता बसतात. खाऊ दहा रुपयांच्या आत, घरी केलेला. पाकीटबंद आणलं की डबा हलवून ओळखायची मजाच जाते.

लिपिक, पांढरकवडा तालुका

एसटीचे पास: 2024 पासून महामंडळाने पास थेट शाळेत द्यायला सुरुवात केली. आगाराला शाळेने यादी द्यायची असते. यादीत नाव, इयत्ता, थांब्याचं नाव आगाराच्या दप्तरात जसं आहे तसंच. गावाचं नाव आणि थांब्याचं नाव वेगळं असेल तर यादी परत येते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत, मुलांना 66.66 टक्के सवलत. शाळा उघडायच्या आधी याद्या तयार ठेवा, पहिल्या आठवड्यात आगारात उभं राहायला जागा नसते.

आरोग्य उपकेंद्रातली सेविका, झरी जामणी तालुका

जुलै ते ऑक्टोबर साप निघतात. चपलांची रांग व्हरांड्यात उघडी नको, फळी ठोकून वर ठेवा. सरपण वर्गापासून लांब. चावा झाला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. लेकराला चालू द्यायचं नाही, चाव्याची वेळ हातावर पेनाने लिहायची, 108 ला फोन. गाडी यायला वेळ असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून निघा. कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस शिल्लक आहे ते दर सोमवारी फोन करून फळ्यावर लिहून ठेवा. जवळच्या दवाखान्यात ती असेलच असं धरू नका.

पाणी बघणारा पालक, मूर्तिजापूर तालुका

वर टाकी धुण्याचं लिहायचं राहिलं. मेच्या अखेरीस, तळाशी वीतभर पाणी असताना. आत उतरण्याआधी झाकण दोन तास उघडं ठेवा आणि एकट्याने उतरू नका, वर एक माणूस दोरासकट हवा. गाळ काढून चुन्याने घासा, साबण नको. नळाची जाळी त्याच दिवशी बदला, पाच-पन्नास रुपयांत मिळते.