चिखलातून आलेल्या घोड्याचे पाय रोज धुवावेत का?

खरारा
ओल्या दिवसांत घोड्यांच्या पायांना खुरांच्या वर जो त्वचारोग होतो, ज्याला आपण सरसकट 'मड फीवर' म्हणतो, त्याबद्दल माझं ठाम मत मांडतो. विरोध असेल तर जरूर करा. चिखलाने घोड्याचं जितकं नुकसान होतं, त्याहून जास्त आपण रोज पाय धुऊन करतो.

संध्याकाळी घोडा कुरणातून येतो. पाय गुडघ्यापर्यंत बरबटलेले. मोतद्दार पाइप सोडतो, घटकाभरात पाय लख्ख होतात, आणि घोडा तशाच निथळत्या पायांनी ठाणावर बांधला जातो. खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो, तिथली कातडी मग रात्रभर ओलीच राहते. डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस नावाच्या जिवाणूला हेच हवं असतं. कोरड्या खपलीत तो महिनोन्‌महिने निपचित पडून राहू शकतो. ओल मिळाली की त्याचे पोहणारे बीजाणू बाहेर पडतात आणि कातडीवरच्या पाण्यातून सरकत जातात. धडधाकट कातडीत त्यांना सहसा शिरता येत नाही. पण रोज भिजवून मऊ केलेली आणि वर ब्रशने घासलेली कातडी धडधाकट राहीलच कशी?

चिखल अंगावरच वाळू द्या. खाली कोरडं अंथरूण द्या. सकाळी मऊ ब्रशने माती झाडून टाका. धुवायचंच असेल, तर पाय पूर्ण कोरडे करण्याइतका वेळ हाताशी असेल तेव्हाच धुवा.

रिकीब
साफ असहमत. वाळू मिसळलेली सैल माती असेल तर तुमचं म्हणणं चालेल. चिकणमातीचं काय करणार? वरून पापुद्रा वाळतो आणि आत केसांच्या मुळाशी ओल तशीच राहते. म्हणजे ओल्या पोटीसात पाय बांधून ठेवल्यासारखंच झालं. सकाळी तो वाळलेला गिलावा ब्रशने काढताना मातीतले खडे कातडीवर घासले जातात. ज्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, ते तिथेच तयार होतात.

आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं कारण: चिखलाखालची कातडी दिसत नाही. पहिली पुळी, पहिली भेग आठवडाभर कोणाच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे गार पाणी, हलकी धार, वरून खाली धुणं, ब्रश अजिबात नाही, आणि लगेच जाड टॉवेलने टिपून घेणं असा नेम आहे.

खरारा
टॉवेलने टिपून घेता ना? मग आपलं भांडण निम्मं मिटलं. माझा आक्षेप पाण्यापेक्षा ओल्या पायांनी बांधण्यावर आहे. पण एका मोतद्दाराच्या हाताखाली दहाबारा घोडी असतात तिथे सुकवणं कायम राहून जातं, धुणं तेवढं होतं, कारण धुतलेले पाय मालकाला दिसतात. अशा ठिकाणी 'धुऊन सुकवा' असं सांगितलं तरी प्रत्यक्षात नुसतं 'धुवा' एवढंच घडतं.

तपासणीचं म्हणाल तर डोळ्यांपेक्षा बोटं आधी सांगतात. रोज मागच्या खळग्यातून उलट्या लवेने बोटं फिरवा. तांदळाच्या कणीएवढी खपली हाताला लागली की तोच आरंभ.

अबलख
धुण्यावरून एवढा वाद कशाला? खरा प्रश्न खपल्यांचा आहे. खपलीखाली जंतू राहतात, म्हणून जुनी माणसं सांगायची की खपली खरवडून काढ, रक्त आलं तरी चालेल. आम्ही तसंच करत आलोय आणि घोडे बरेही होतात.

पागा
अबलख, कृपा करून असं करू नका. सुकी खपली ओढली की घोड्याला किती दुखतं ते त्याच्या पायाकडे बघून कळतं: तो पाय वर खेचतो आणि कापत उभा राहतो. पुढच्या वेळी माणूस पायाशी वाकला तरी लाथ झाडतो. स्वभावाने गरीब असलेली घोडी या उपचारापायी पायाला हात लावू देईनाशी झालेली मी पाहिली आहे. त्या कच्च्या जखमेतून पुन्हा संसर्ग होतो, तो वेगळाच. खपल्यांना हात लावायचा नाही, आपोआप गळू द्यायच्या.

एक पशुवैद्य
खपल्यांबाबत दोघांचंही अर्धं बरोबर आहे. खपलीखाली जंतू असतात हे खरं. डर्मॅटोफिलसची खपली उचलली तर तिच्यासोबत केसांचा झुबका निघतो, रंगाच्या कुंचल्यासारखा, आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. ती खपली तशीच ठेवली तर औषध आत पोचत नाही. पण ती सुकी ओढायची नाही. आधी भोवतालचे केस कातरा. २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू लावून १० मिनिटं थांबा. मग जे अलगद सुटेल तेवढंच काढा, बाकीचं पुढच्या वेळेला. नीट धुऊन टाका आणि पूर्ण सुकवा. सुरुवातीला दिवसाआड पुरे, रोज केलंत तर कातडी आणखी सोलवटेल. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका, जखम भरणाऱ्या नव्या पेशीही त्याने मरतात. हातमोजे घाला, कारण डर्मॅटोफिलस आणि गजकर्ण दोन्ही माणसाला होऊ शकतात. निघालेल्या खपल्या ठाणात पडू न देता गोळा करून टाका.

मात्र या चर्चेत सगळे एकच रोग गृहीत धरून बोलताहेत, याची मला काळजी वाटते. 'मड फीवर' हे लक्षणांचं नाव आहे. खाली स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणू असू शकतो, गजकर्णाची बुरशी असू शकते. पायांवर लांब केस लोंबणाऱ्या शायर किंवा क्लाइड्सडेल जातीच्या घोड्यांत बरेचदा कोरिऑप्टिस जातीचे खरजेचे किडे निघतात. असा घोडा रात्री पाय आपटत राहतो, खांबाला पाय घासतो. त्याला कितीही शाम्पू चोळलात तरी किडे तिथेच राहतात. आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शनही त्यांच्यावर फारसं चालत नाही, कारण ते कातडीच्या वरच्या थरावर जगतात. सोबतचे सगळे घोडे एकाच वेळी उपचारात घ्यावे लागतात आणि अंथरूणही बदलावं लागतं.

रिकीब
लांब केसांच्या घोड्यांचे केस कापायचे की नाही? आमच्याकडे यावरून कायम दोन तट. मला वाटतं, ते केस म्हणजे पाणी खाली ओघळून जायला निसर्गाने दिलेली पन्हाळ आहे.

एक पशुवैद्य
निरोगी पायावर असतील तर राहू द्या. रोग झाल्यावर कापा. कातडी दिसत नसेल तर मी काय तपासणार?

अबलख
आमच्या पंचकल्याणी घोडीचं सांगतो. चारही पाय पांढरे, तोंडावर पट्टा. भर उन्हाळ्यात, चिखलाचा थेंब नसताना पायांवर खपल्या आल्या, सूज आली, हात लावला की कळवळायची. ओळखीतल्या सगळ्यांनी मड फीवर म्हणून जंतुनाशकाने धुवायला सांगितलं. फरक शून्य. खूप दिवसांनी एका डॉक्टरांनी रक्त तपासून यकृत ठीक असल्याची खात्री केली, बायोप्सी घेतली, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला, आणि निदान निघालं ते रक्तवाहिन्यांच्या दाहाचं, जो उन्हाने चिघळत होता. धुणं बंद झालं, स्टेरॉइड सुरू झालं, दिवसा सावलीत आणि रात्री कुरणात असा क्रम लावला. घोडी सुधारली. रंगहीन कातडीच्या पायांना चिखल जसा बाधतो तसं ऊनही, हे तेव्हा कळलं.

खरारा
अबलख, हे लिहिलंत ते फार बरं झालं. यकृत तपासायला का सांगितलं होतं?

एक पशुवैद्य
मी उत्तर देतो. यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून तयार होणारा एक पदार्थ रक्तात साठतो आणि उन्हात पांढऱ्या भागाची कातडी जळते. अशा घोड्याचं पांढरं नाकही बहुधा सोललेलं दिसतं. फक्त पायच नव्हे, पांढरा पट्टाही बघा. काही वनस्पती खाल्ल्यानेही यकृत न बिघडता हेच होतं.

पागा
एक राहिलं. बरेच जण पाय धुतला की लगेच व्हॅसलीन नाहीतर झिंकचं मलम थापतात. संरक्षक मलम कोरड्या, स्वच्छ, निरोगी कातडीवर, बाहेर सोडण्याआधी लावायचं. ओल्या कातडीवर लावलं तर ओल आत कोंडते. मला तर मलमापेक्षा फाटकाजवळची आणि पाण्याच्या हौदाभोवतीची जमीन सुधारणं जास्त पटतं. घोडे दिवसभर तिथेच घोळका करून उभे असतात. तिथे खडी टाकली, कुरण आळीपाळीने वापरलं, तर निम्मे पाय वाचतील.

रिकीब
जमिनीबद्दल पूर्ण सहमत. धुण्याबद्दल मात्र मी अजून खराराशी सहमत नाही. चिकणमातीत मी धुणारच, सुकवूनच बांधणार. पण डॉक्टर, घरचा उपचार किती दिवस करून बघायचा?

एक पशुवैद्य
वरवरच्या खपल्या असतील, घोडा लंगडत नसेल, तर आठदहा दिवसांत निश्चित उतार दिसला पाहिजे. दिसला नाही तर शाम्पू बदलू नका, निदान तपासून घ्या: खपली सूक्ष्मदर्शकाखाली, कातडीचा खरवड किड्यांसाठी, गरज पडल्यास बायोप्सी. उरलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. वरवरच्या संसर्गाला बहुतेक वेळा ते लागत नाही, आणि औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस घोड्यांतही सापडतात.

पाय एकाएकी खांबासारखा सुजला, गरम लागला, घोडा त्यावर भार देईना, किंवा ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. संसर्ग कातडीखाली उतरलेला असतो आणि तो पाय कायमचा जाड राहू शकतो. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा, आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली होती ते सांगायची तयारी ठेवा.