मदत हवी आहे: क्रॉप करून पुन्हा मोठा केलेला फोटो खात्रीने कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी गटाच्या पक्षी-छायाचित्रण स्पर्धेत फाइल तपासायचं काम माझ्याकडे आहे. नियम असा की क्रॉप चालेल, पण क्रॉप केलेला फोटो सॉफ्टवेअरने मोठा करायचा नाही. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा एक सुंदर फोटो आलाय, ६००० × ४००० पिक्सेलचा. शंभर टक्क्यांवर पाहिला तर पिसं मऊ, पुसट. पाठवणाऱ्याकडे रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) उरलेली नाही. नुसत्या संशयावरून कुणाची मेहनत बाद करायला मन धजत नाही, आणि सोडून दिलं तर नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होतो.

एक्झिफ (फाइलमधली कॅमेरा, तारीख वगैरेची नोंद) कुणालाही बदलता येतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवली नाही. एरर लेव्हल अ‍ॅनालिसिसही (फोटो पुन्हा जेपेगमध्ये साठवून कुठला भाग वेगळा वागतो ते पाहणं) इथे कामाचं नाही. अख्खा फोटो एकसारखा मोठा केला असेल तर वेगळं उठून दिसणार तरी काय?

मग पोपेस्कू आणि फरीद यांचा २००५ चा शोधनिबंध वाचला. फोटो मोठा करताना नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून काढले जातात आणि ते नातं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतं, हा मुद्दा पटला. त्याच वर्षीची गॅलगर यांची पद्धत सोपी वाटली, ती पायथनमध्ये लिहिली: प्रत्येक ओळीत लागोपाठच्या पिक्सेलांच्या फरकांचा पुन्हा फरक काढायचा, चिन्ह सोडून द्यायचं, सगळ्या ओळींची सरासरी घ्यायची आणि तिचं फूरिये रूपांतर करायचं, म्हणजे कोणता नमुना किती पिक्सेलांनी पुन्हा येतो ते आलेखात सुळक्यांनी दिसतं.

आलेखात ०.१२५ (म्हणजे दर ८ पिक्सेलांनी एकदा), ०.२५, ०.३७५ आणि ०.५ ला सुळके आले. जेपेग फोटो ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत दाबून साठवतं, हे त्याचेच असणार. पण ०.३३३ लाही एक बारीक सुळका आहे. तो पुरावा मानावा का? आणि दुप्पट मोठं केलं असतं तर सुळका ०.५ लाच आला असता, म्हणजे जेपेगच्या सुळक्यात लपला असता. तो वेगळा कसा काढायचा?

प्रतिसाद:

०.३३३ चा सुळका जेपेगचा नाही, एवढं नक्की. दीडपट केल्यावर तो तिथेच येतो, म्हणजे मूळ रुंदी ४००० असावी. पण तीनपट केल्यावरही तिथेच येतो, आणि फोटो लहान करून पाऊणपट केल्यावरसुद्धा! म्हणून एकट्या सुळक्यावर निकाल देऊ नका.

आधी त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपेग याच कोडमधून काढा. तीत ०.३३३ ला काही नसायला हवं. मग स्तंभांवर, आणि मधल्या व कोपऱ्यातल्या तुकड्यांवर वेगवेगळं चालवा. लेन्सची वक्रता सुधारतानाही पिक्सेल नव्याने काढले जातात आणि त्यात गैर काही नाही, पण तिथे फोटो किती ताणला जातो ते मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बदलतं. सुळका सगळीकडे जागचा हलला नाही तर एकसारखं मोठं केल्याचा संशय बळावतो. फोटो ४००० वर आणून परत ६००० करा. पिसांत काहीच हरवलं नाही तर ती आणखी एक खूण.

दुपटीचं कोडं अवघड आहे, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची बायर जाळीही (लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची मांडणी) दर दोन पिक्सेलांनी ठसा सोडते. एआयने मोठा केलेल्या फोटोत तर हे सुळके दिसतीलच असं नाही. तेव्हा पाठवणाऱ्याकडे त्याच वेळी काढलेल्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम मागा. रोहित पक्ष्यांचा एकच फोटो काढून कुणी परतत नाही, आणि त्या फ्रेममधला पक्ष्याचा आकार पिक्सेलमध्ये मोजून या फोटोतल्या आकाराशी ताडता येतो.